अडीच क्विंटल सोयाबीनचा मोबाईल

२०२४ च्या दिवाळीनंतर सोयाबीन विकलं तेव्हा हमीभाव होता ४८९२ आणि आमच्या मालाला व्यापाऱ्यानं ओल दाखवून ४००० लावले, म्हणजे दहा हजाराचा मोबाईल म्हणजे सरळ अडीच क्विंटल सोयाबीन. हा हिशोब बाबांनी मार्केट यार्डातच बोटावर करून टाकला होता, त्यामुळे पुढचे पंधरा दिवस मी मोबाईलचे व्हिडिओ पाहत होतो आणि ते मला पाहत होते.

घेणं भागच होतं पण. जुन्याची बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं होतं, मी त्याला रबरबँड लावून वापरत होतो. फुगलेली बॅटरी वापरू नये हे माहीत असूनही दोन महिने वापरली, आई म्हणे "खिशात बॉम्ब घेऊन फिरते हा पोट्टा".

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, यवतमाळला जायचं तर एसटीनं दीड तास. गावात एक टावर आहे, लाईन गेली की थोड्या वेळानं तोही झोपतो. हे आधी सांगतो कारण व्हिडिओतले लोक फोन निवडतात ते एसीत बसून, गेम लावून, आणि आपल्याला पाहिजे असते काही वेगळंच.

पहिलं म्हणजे रॅम. डब्यावर मोठ्या अक्षरात ८ जीबी आणि खाली बारीक ४+४. ती दुसरी ४ म्हणजे रॅम नसतेच, स्टोरेजचा तुकडा कापून रॅमच्या जागी वापरतात, आणि स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी हळू असते. ताटात जागा नाही म्हणून भाकर शेजारच्या घरी ठेवून यायची आणि लागली की आणायला जायचं, तसं आहे ते. तर डब्यावरची बेरीज करायची नाही, पहिला आकडा तेवढा पाहायचा.

दुसरं स्टोरेज, आणि इथं माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. ६४ का १२८ एवढंच सगळे विचारतात, पण ते ईएमएमसी आहे का यूएफएस हे कोणी विचारत नाही. ईएमएमसी म्हणजे नाल्यावरचा एका गाडीचा पूल, एका टायमाला इकडून जा नाहीतर तिकडून या, यूएफएसमध्ये वाचणं आणि लिहिणं दोन्ही एकदम चालते. व्हॉट्सॲपवर फोटो उतरत आहेत, तिकडे ॲप अपडेट होत आहे आणि आपण फक्त फोन लावायचा म्हणतो तर डायलर उघडायला पाच सेकंद लागतात, तो हँग बरेचदा या पुलावरचा जाम असतो. माझ्या जुन्या फोनचं नेमकं हेच दुखणं होतं. म्हणून ठरवलं, कॅमेरा कसाही चालेल पण यूएफएस २.२ पाहिजे. त्या बजेटमध्ये ते ज्या फोनमध्ये भेटत होतं तो नेमका ५जी निघाला, नाहीतर ५जी शी मला काही घेणं नव्हतं, आमच्याकडे ते तालुक्याच्या गावात लागते आणि घरी आलो की ४जी चे दोन दांडे. ५जी साठीच घेणाऱ्यांनी एक मात्र पाहून घ्या, काही स्वस्त फोन फक्त एसए वाल्या, म्हणजे ४जी चा आधार न घेणाऱ्या, ५जी वर चालतात, जिओचं ५जी तसंच आहे, पण एअरटेलनं सुरुवात एनएसए पद्धतीनं केली, म्हणजे ४जी च्या आधारावर उभं असलेलं, अशा फोनमध्ये एअरटेलचं कार्ड टाकून ५जी ची वाट पाहणारा एक जण आमच्याच गावात आहे.

मधात एकदा सेकंड हँडचाही विचार आला. एका पोट्ट्यानं सहा हजारात चांगला फोन दाखवला, बिल नाही म्हणे, हरवलं. मी स्टार हॅश ०६ हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, काढला, मेसेजमध्ये केवायएम लिहून जागा सोडून तो नंबर टाकला आणि १४४२२ ला पाठवला. हे सरकारी आहे, फोन ब्लॅकलिस्टमध्ये असला तर कळते. उत्तर यायच्या आतच पोट्टा म्हणे, भाऊ राहू द्या, दुसरं गिऱ्हाईक हाय. समजून गेलो.

ऑनलाईन पाचशे रुपये स्वस्त होता, पण कुरिअरवाला गावात येत नाही, तालुक्याच्या चौकात बोलावतो, आणि मला फोन हातात घेऊन उन्हात पाहायचा होता. दुकानात जाऊन डेमो पीस मागितला आणि सरळ बाहेर रोडवर आलो. बारा वाजले होते. दुकानदार मागं मागं आला, "भाऊ, फोन घ्याचा हाय का सेल्फी काढाची हाय?" म्हटलं, वावरात वापराचा आहे, उन्हात अक्षर दिसते का पाहतो. पहिल्या दोन फोनमध्ये माझंच थोबाड दिसलं, आरशासारखं. तिसऱ्यात ब्राईटनेस फुल केल्यावर मेसेज वाचता आला. मग स्पीकर वाजवून पाहिला. मग विचारलं चार्जर किती वॅटचा, तर एकात १० वॅटचा डब्यातच होता आणि दुसऱ्यात १८ चा. लाईनचा भरवसा नसला की हे फार महत्त्वाचं होते, ५००० एमएएचच्या बॅटरीला १० वॅटनं तीन तासाच्या आसपास लागतात, १८ नं दोनच्या आत-बाहेर, आणि आमच्याकडे लाईन दोन तास राहिली तर राहिली.

दुकानदाराला वाटलं पैसे कमी आहेत, तो फायनान्सवर घ्या म्हणे, शून्य डाऊन पेमेंट. नको म्हटलं. माझ्या मित्राचा एक हप्ता चुकला, कापसाचे पैसे आले नव्हते, आणि फोन सकाळी उठून पाहतो तर लॉक, वर हप्ता भरा म्हणून पाटी. फोन आपल्या खिशात आणि किल्ली दुसऱ्याच्या. नगदी दिले, ९९९९, वर काच आणि कव्हर फुकट. कंपनीचं नाव सांगत नाही, पुढं मी तिला शिव्या देणार आहे, आणि या भावात बहुतेकींचं तेच आहे.

तर फोन घरी आणला, चालू केला, वायफाय कुठलं, डाटावरच सेटअप केला आणि अर्ध्या तासात त्यानं आपल्या मनानं अकरा ॲप डाउनलोड करून घेतले. दिवसाचा दीड जीबी, त्यातला बराचसा गेला रमी आणि शॉपिंगमध्ये. सेटअपच्या वेळी "सुचवलेले ॲप" म्हणून एक पान येते, तिथं सगळ्यावर आधीच टिक मारलेली असते, घाईत पुढे पुढे दाबत गेलो की झालं. लॉक स्क्रीनवर रोज नवी हिरोईन. बाबांनी सकाळी फोन उचलला, पाहिला, उलटा ठेवला आणि म्हणाले, "हे तुह्या आईच्या हाती लागू नोको देऊ."

मी याच्या आधी फोनशी कुस्ती केलेली आहे. माझ्याकडे रेडमी नोट ४ होता, २०१७ च्या जानेवारीत आलेला, स्नॅपड्रॅगन ६२५ वाला, फ्लॅशवाल्या, म्हणजे फोनची सिस्टीम बदलणाऱ्या, पोरांमध्ये मिडो या नावानं फेमस. त्याचा बूटलोडर, म्हणजे फोन चालू होतानाचं कुलूप, अनलॉक करून, टीडब्ल्यूआरपी हे फ्लॅश करायचं साधन टाकून, कंपनीच्या जागी लीनेजओएस ही फुकटची अँड्रॉइड सिस्टीम चढवली होती आणि फोन असा पळायचा की काय सांगू. एकदा घाईत फाईल चुकीची निवडली, चूक माझीच, रात्रभर नुसता लोगो फिरत राहिला, सकाळी पुन्हा पहिल्यापासून सगळं. तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो, वेळच वेळ होता. आता तसं करायची हिंमत नाही, आणि खरं कारण हिंमत पण नाही, कारण असं की बूटलोडर उघडला की गुगलची प्ले इंटिग्रिटी तपासणी फोनला नापास करते आणि बँकेचे, यूपीआयचे ॲप नखरे करतात. खताच्या दुकानात स्कॅन करायच्या टायमाला ॲप म्हणते हा फोन सुरक्षित नाही, मग काय दुकानदाराला लीनेजओएस समजावून सांगू?

म्हणून यावेळी फक्त झाडलोट करायची ठरवली. मावसभाऊ यवतमाळला पॉलिटेक्निकला आहे, सुटीत आला तेव्हा लॅपटॉप घेऊन आला. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन उघडतात, तिथं यूएसबी डीबगिंग चालू केलं, वायर लावली, लॅपटॉपवर एडीबी, म्हणजे लॅपटॉपवरून फोनला हुकूम द्यायचं साधन. फोनमधल्या प्रत्येक ॲपचं एक कागदावरचं नाव असते, कॉम टिंब कंपनी टिंब अमुक, ती यादी काढली आणि ओट्यावर बसून एकेक वाचत गेलो जसे तांदूळ निवडतात. काढायची कमांड अशी, पीएम अनइन्स्टॉल, डॅश डॅश युजर झिरो, पुढं नाव. रूट, म्हणजे फोनचा पूर्ण ताबा, लागत नाही. ॲप सिस्टीममधून पुसल्या जात नाही, आपल्यापुरतं गायब होते, आणि फॅक्टरी रिसेट मारलं की सगळी वरात परत. तेवीस काढले. ब्राऊजर, गेमचं दुकान, व्हिडिओचं दुकान, थीमचं दुकान, जाहिराती पाठवणारं एक बिननावाचं, आणि लॉक स्क्रीनवरच्या हिरोईनी. ॲनिमेशनचे तिन्ही स्केल एक वरून अर्ध्यावर आणले, यानं फोनचा वेग वाढत नाही, पण वाट पाहणं कमी झाल्यासारखं वाटते आणि तेवढंही पुरते.

मग अंगात आलं. कंपनीचा लाँचर, म्हणजे ते होमस्क्रीनवालं ॲप, त्यातही जाहिराती यायच्या. प्ले स्टोअरवरून एक हलका लाँचर टाकला, बिनाजाहिरातीचा, त्यावर बाबांसाठी पाच मोठे आयकन ठेवले, फोन, व्हॉट्सॲप, टॉर्च, हवामान आणि कॅमेरा, आणि कंपनीचा लाँचर उडवून दिला. मावसभाऊ म्हणे "दादा, तो राहू द्या ना, नुसता बंद ठेवा", मी म्हटलं तू शिकायला आहे का मी? त्यापायी अलीकडच्या ॲपचं बटण मेलं, कारण ते कंपनीच्या लाँचरलाच जोडलेलं असते, पण म्हटलं चालते.

आता पुढचं ऐका. फोन माझा असला तरी दिवसभर बाबांजवळच, मी पंपावर कामाला जातो तिथं माझ्याजवळ बटणाचा डब्बा राहतो. बाबांना मी शिकवून ठेवलं होतं की मेमरी भरली म्हणून आलं तर जे काम नाही पडत ते काढून टाकायचं, कसं काढायचं तेही. मार्च महिन्यात एक दिवस त्यांनी वावरात लिंबाखाली बसून साफसफाई केली. यादीत दिसला लाँचर.

संध्याकाळी घरी आलो तर फोन खाटेवर, स्क्रीनवर एकच ओळ, "फोन सुरू होत आहे…"

"कधीपासून?"

"दुपारपासून सुरूच होऊन राहिला. म्या म्हटलं मोठा मोबाईल हाय, टाईम घेत असन. दोन घंटे वाट पाहिली मंग जेवलो."

"काय काढलं तुम्ही?"

"ते नाई का, लाँचर. म्या म्हटलं राकेट उडवाचा गेम असन तुहा."

मी हसू का रडू. एक लाँचर मी उडवलेला, दुसरा त्यांनी, आता फोनला घरच नाही, तो बिचारा दारात उभा राहून सुरू होत आहे म्हणतोय. कोणाचा फोन आला की वाजायचा, उचलताही यायचा, ठेवला की पुन्हा तीच ओळ. गावातल्या रिपेअरिंगवाल्यानं पाहिला आणि म्हणे सॉफ्टवेअर मारावं लागन, पाचशे, अन् डाटा सारा जाईन. डाटात बाबांच्या बैलजोडीचे फोटो, मागच्या वर्षी विकली ती, आणि माझे कर्जाचे कागद.

दुसऱ्या दिवशी सुटी टाकून एसटीनं यवतमाळ, मावसभावाच्या रूमवर. नशीब असं की डीबगिंग मी बंद केलं नव्हतं आणि त्याच्या लॅपटॉपला कायमची परवानगी दिलेली होती. कमांड दिली, सीएमडी पॅकेज इन्स्टॉल एक्झिस्टिंग, पुढं कंपनीच्या लाँचरचं नाव. वर म्हटलं ना पुसल्या जात नाही, तिथंच असते, ते नुसतं परत हाक मारून बोलावणं. एंटर दाबलं आणि दोन सेकंदात आमचं घर जाहिरातींसकट हजर. पोट्टा काही बोलला नाही, नुसता चहा सांगितला, ते जास्त लागलं. आता कंपनीचा लाँचर फोनमध्ये निपचित पडून आहे आणि वर आपला हलका. आणि हो, अनोळखी लॅपटॉपला असं कायमचं मोकळं ठेवू नका, माझं घरच्या घरी होतं म्हणून निभलं.

उन्हाळा आला तेव्हा खरी परीक्षा झाली. आमच्याकडे मे महिन्यात ४४-४५ म्हणजे नेहमीचं, आणि लिथियमची बॅटरी साधारण ० ते ४५ डिग्रीतच चार्ज करायची असते, म्हणजे टिनाच्या खोलीत दुपारी फोन लावला तर तो गरम हवेतच बसलेला आणि चार्जिंगनं अजून तापणार. एक दिवस स्क्रीनवर आलं तापमान जास्त आहे, चार्जिंग थांबवलं. लोक फ्रीजमध्ये ठेवतात, ते नका करू, बाहेर काढला की आत पाणी धरते. मी काय केलं, कव्हर काढलं, जाड प्लास्टिकचं कव्हर म्हणजे फोनला मे महिन्यात घोंगडी, आणि चार्जिंग पहाटे चार ते सहा, नाहीतर कुलरच्या बाजूनं, एकदम समोर नाही कारण कुलर पाणी फेकते. आई म्हणे, "माणसं इकडं तळमळून राह्यले अन् मोबाईलले कुलर!" गाडीच्या टाकीवरच्या पाकिटात फोन ठेवणं तेव्हापासून बंद केलं, तिथं पापड भाजून निघन.

बोटाच्या ठशाचं तर विचारूच नका. बाबांचा ठसा सेन्सरनं एकदाही धड घेतला नाही, निंदण, फवारणी, दोर ओढून ओढून बोटं अशी घासली की रेषाच नाहीत, आधारच्या मशीनवरही त्यांचं तसंच होते. चेहऱ्यानं उघडणं दिवसा ठीक, पण रात्रपाळीची लाईन असली, आमच्याकडे कृषी पंपाला तेव्हा आळीपाळीनं दिवसा ८ तास नाहीतर रात्री १० तास भेटायची, तेव्हा अंधारात चेहरा कुठून दिसणार. शेवटी पॅटर्न ठेवला, आणि तो अख्ख्या गल्लीला माहीत आहे. टॉर्च मात्र लॉक न उघडता पॉवर बटण दोनदा दाबून लागते असं करून दिलं, डेव्हलपर ऑप्शनच्या त्या सगळ्या करामतीपेक्षा बाबांना हेच एक पसंत आलं. रात्री धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, साप पाहायला टॉर्च पाहिजे, ॲनिमेशन अर्धं आहे का पाव याच्याशी त्यांना काय करायचं.

ई-पीक पाहणीला, म्हणजे सरकारी ॲपवर पिकाची नोंद करायला, फोटो काढायला मी स्वतः गेलो, ऑगस्टमध्ये. गटात उभं राहूनच फोटो काढावा लागते, आणि फोन आम्हाला शेजाऱ्याच्या वावरात उभं दाखवत होता. आता यात ॲपची चूक नव्हती. वावरात रेंज नाही, आणि फोन सॅटेलाईटची जागा लवकर शोधतो ते नेटवरून मदत घेऊन, नेट नसलं की सगळी माहिती आकाशातूनच उतरवून घ्यावी लागते, त्याला वेळ लागते, त्यात मी उभा झाडाखाली. मोकळ्यात आलो, सॅटेलाईट दाखवणारं एक फुकट ॲप आधीच टाकून ठेवलं होतं ते उघडलं, फोन हातात धरून पाच-सात मिनिटं नुसता उभा. तीन सॅटेलाईट, पाच, नऊ, चौदा. मग निळा ठिपका हळूच सरकत धुरा ओलांडून आमच्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसात, आला. तेव्हापासून घरूनच, रेंजमध्ये असतानाच, नकाशा एकदा उघडून जागा पकडू देतो आणि मग निघतो, बरंच लवकर होते.

त्याच वावरात बाबांनी बोलून टाईप करायचा प्रयत्न केला, भाच्याला मेसेज पाठवायचा होता की पऱ्हाटी चांगली हाय. कीबोर्डनं लिहिलं, पराठे चांगले आहे. तिकडून उत्तर आलं, पाठवा मग.

आणि वेचणी सुरू झाली नोव्हेंबरात तेव्हा चार्जिंग बंद पडलं. वायर लावली की लागते, हलली की सुटते, एका बाजूनं दाबून धरली तरच चालते. दुकानात दाखवलं तर न पाहताच म्हणे पिन गेली, साडेतीनशे. घरी आणून टॉर्चच्या उजेडात आत पाहिलं, काळंकाळं काहीतरी तळाशी बसलेलं. फोन बंद केला, आईच्या झाडूची एक काडी तोडून टोक चपटं केलं, सुई नाही घातली, आतल्या पट्ट्या बारीक असतात त्या वाकतात, आणि हळूहळू कडेनं खरवडत राहिलो. निघाली रुई. वेचताना फोन खिशात, खिशात कापसाचे तंतू, आणि दर वेळी वायर खुपसून खुपसून आपणच ते आत ठासतो. दाबून दाबून समईच्या वातीएवढी घट्ट झाली होती, घामानं आणि मातीनं काळी. आईनं ती हातात घेतली, ओढून पाहिली, म्हणे धागा चांगला हाय. वायर कट्ट करून बसली, तशी नवीन असतानाही बसत नव्हती.

वर्ष झालं आता. एक कोपरा फुटला आहे, काच दोनदा बदलली, बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते पण पहिल्यासारखी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नाही जात. कंपनीनं मधात एक अपडेट पाठवलं तर काढलेल्यातले चार ॲप परत येऊन बसले होते, ते मी पुन्हा हाकलले. व्हॉट्सॲपचं ऑटो डाउनलोड बंद ठेवूनही सुप्रभातचे फोटो कुठून येतात देव जाणे.

परवा शेजारचे काकाजी नवीन फोन घेऊन आले, डबासुद्धा फोडला नव्हता, म्हणे तू तुह्याचं केलं तसं करून दे. मी सेटअप सुरू केला, सुचवलेल्या ॲपच्या टिका एकेक काढत होतो, तर बाबा खाटेवरून, डोळे मिटलेलेच, म्हणाले, "बाकी काहीबी काढजो, राकेट नोको काढू."